तिसऱ्या ढिगातलं कार्ड : मूल्यांच्या शोधाचा एक प्रकरण अभ्यास

प्रकरण माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका बाईंचं आहे. वय ४३. पॅथॉलॉजी लॅबच्या मायक्रोबायोलॉजी विभागात वरिष्ठ तंत्रज्ञ. घरी नवरा, पंधरा वर्षांचा मुलगा आणि वयस्कर वडील. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अशाच इतर प्रकरणांतले काही बारकावे यात मिसळले आहेत, तेव्हा ही एका व्यक्तीची तंतोतंत हकीकत समजू नये.

त्यांच्या संस्थेने त्यांना बढती देऊ केली होती. सगळ्या शाखांची व्यवस्थापक, पगार जवळजवळ दीडपट, स्वतंत्र केबिन, महिन्यातले बरेच दिवस प्रवास. उत्तर महिनाअखेर द्यायचं होतं. फायद्या-तोट्यांची यादी त्यांनी पुन्हापुन्हा केली होती आणि दर वेळी पारडी समान. नवरा म्हणत होता, घेऊन टाक. वडील म्हणत होते, तुला पटेल ते कर. (हे वडिलांचं वाक्य ऐकायला मोकळीक देणारं वाटतं, पण अडलेल्या माणसाला ते फार जड जातं.) कुठेतरी वाचून त्यांनी निष्कर्ष काढला होता की आपल्याला आपली मूल्यंच माहीत नाहीत, म्हणून निर्णय होत नाही. "मॅडम, एकदा ती नीट सापडली की मग सोपं आहे ना?"

पहिल्याच भेटीत त्यांनी फोनमधली यादी दाखवली : प्रामाणिकपणा, कुटुंब, सेवा, आरोग्य, प्रगती. यात चुकीचं काही नव्हतं. पण ती यादी लॅबमधल्या कोणाचीही असू शकली असती.

कार्डं

मूल्यांच्या कामात कार्डं लावण्याची एक जुनी पद्धत आहे. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठात तयार केलेल्या संचात ८३ कार्डं आहेत. प्रत्येकावर एक मूल्य आणि खाली एका ओळीत त्याचा अर्थ. ती तीन ढिगांत लावायची : फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, महत्त्वाचं नाही. त्याही आधी, १९७३ मध्ये, मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच यांनी १८ साध्य मूल्यं (आयुष्यात काय गाठायचं) आणि १८ साधन मूल्यं (त्यासाठी कसं वागायचं) वेगळी काढून ती क्रमाने लावायला लावली होती. क्रम लावायला लावण्यातच त्या पद्धतीचा जीव आहे. एकेका मूल्याबद्दल "तुम्हाला हे महत्त्वाचं वाटतं का?" असं विचारत गेलं तर माणूस सगळ्यालाच हो म्हणतो.

बाईंचंही तेच झालं. पहिला ढीग फुगला, म्हणून तो आधी दहावर आणला, मग पाचवर. शेवटी उरले : मदत, कुटुंब, प्रामाणिकपणा, सुरक्षितता, ज्ञान. म्हणजे फोनमधल्याच यादीचं थोडं फिरवलेलं रूप.

अशा ठिकाणी पुष्कळ जण थांबतात. पाच शब्द भिंतीवर लावायचे, त्यांच्याकडे बघून निर्णय घ्यायचा. मला ते पटत नाही, आणि त्याला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये दहा मूलभूत मूल्यांची वर्तुळाकार मांडणी दिली. पुढे २००१ मध्ये त्यांनी आणि अनत बार्डी यांनी अनेक देशांतली माहिती शेजारी ठेवली तेव्हा दिसलं की जवळच्यांचं भलं करणं हे मूल्य जवळजवळ सगळीकडे वरच्या क्रमांकावर असतं आणि सत्ता अगदी तळाला. म्हणजे "मदत" पहिल्या क्रमांकावर आली, तर समोरच्या व्यक्तीबद्दल आपल्याला फारसं काहीच कळलेलं नसतं. त्याच दोघांच्या २००३ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. परंपरा किंवा नावीन्याची ओढ या मूल्यांचा वागण्याशी संबंध घट्ट होता, जवळच्यांचं भलं करणं आणि सुरक्षितता यांचा मात्र अगदी सैल. त्यांचा खुलासा असा की ज्या गोष्टी समाज सगळ्यांकडूनच करून घेतो, त्या करणारा मनापासून करतोय की रीत म्हणून, हे वागण्यावरून ओळखू येत नाही.

म्हणून कार्डांच्या बैठकीत मी निवडलेल्या कार्डांपेक्षा हाताचा वेग जास्त बघते. "ज्ञान" पहिल्या ढिगात ठेवताना बाई जरा थांबल्या होत्या. "अचूकता" दोनदा इकडून तिकडे गेलं आणि शेवटी दुसऱ्या ढिगात पडलं, कारण "ते कामाचं झालं, आयुष्याचं नाही." आणि "सत्ता", "संपत्ती", "मान" ही तीन कार्डं खालची ओळ न वाचताच तिसऱ्या ढिगात गेली, खेळात नको असलेली पानं टाकावीत तशी. मी तेव्हा काही बोलले नाही.

काय सोडलंत?

पुढच्या भेटीत कार्डं काढली नाहीत. एवढंच विचारलं : आजवर कुठल्या गोष्टीसाठी तुम्ही काहीतरी गमावलंय? पैसा, संधी, कोणाची मर्जी, झोप, काहीही. नंतर पस्तावला असाल तरी चालेल.

हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. फुकटात मिळणारी गोष्ट कोणालाही आवडते, आणि आवड म्हणून ती यादीत लिहायलाही काही लागत नाही. बाईंना उत्तरं शोधायला वेळ लागला. आधी मुलाच्या आजारपणातल्या रजा आल्या, वडिलांचं ऑपरेशन आलं. तो त्याग खरा होता, पण त्या वेळी दुसरा पर्याय फारसा नव्हता. मग तीन प्रसंग निघाले.

पहिला बराच जुना. एका मोठ्या लॅबमध्ये जास्त पगाराची जागा मिळत होती. तिथे बहुतेक काम यंत्रांवर. त्यांनी नकार दिला, कारण सांगितलं मुलाची शाळा. आता बोलता बोलता त्याच म्हणाल्या, "खरं तर शाळा तिकडून जवळ पडली असती." मग कारण काय होतं? "तिथे स्लाइड कोणी बघतच नव्हतं हो. नमुना आत, कागद बाहेर."

दुसरा प्रसंग एका ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते वाढवून बघायच्या तपासणीचा. बाटलीत जंतू वाढले होते, पण ते पेशंटच्या रक्तातले की रक्त काढताना त्वचेवरून आत गेलेले, याची त्यांना शंका होती. स्टेन करून, म्हणजे स्लाइडला रंग देऊन, जे दिसलं ते त्यांनी डॉक्टरांना फोनवर लगेच कळवलं, पण दुसरा नमुना आल्याशिवाय अंतिम रिपोर्टवर सही करणार नाही म्हणाल्या. तक्रार वरपर्यंत गेली, लेखी मेमो मिळाला. दुसऱ्या नमुन्यात काय निघालं, असं मी विचारलं. ते त्यांना आठवत नव्हतं. मेमोतला मजकूर मात्र शब्दशः पाठ होता.

तिसरा प्रसंग सांगताना त्या अवघडल्या. सुट्टीच्या दिवशी मोफत आरोग्य तपासणी करणाऱ्या एका गटात त्या जात असत. दोनेक वर्षांनी सोडलं. लोकांना वेळ नाही असं सांगितलं. खरं कारण, तिथे घाईघाईत नमुने घेतले जायचे, लेबलं उलटसुलट व्हायची, आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. "लोकांना उपयोग होत होता, मॅडम. तरी मला तिथे उभं राहवेना."

तिन्ही प्रसंग एकाखाली एक लिहिले. सेवा आणि नेमकेपणा समोरासमोर आले तेव्हा त्यांनी सेवा सोडली होती. पैसा आणि हाताने करायचं काम समोरासमोर आलं तेव्हा पैसा सोडला होता. "ते कामाचं झालं" म्हणून दुसऱ्या ढिगात टाकलेलं कार्ड तीन वेळा, तीन वेगवेगळ्या वयांत, किंमत मोजून जपलेलं होतं.

यावर त्यांचं पहिलं वाक्य : "म्हणजे मला माणसांचं काही पडलेलं नाही?"

हा धक्का पुष्कळांना बसतो आणि तो घाईने पुसून टाकू नये. मूल्यांचा क्रम असतो. वरचं एक असलं म्हणून खालचं खोटं ठरत नाही. ब्लड कल्चरच्या प्रसंगात त्या माणसासाठीच अडून बसल्या होत्या. फक्त त्या माणसापर्यंत त्यांचा रस्ता स्लाइडवरून जातो, हात हातात घेऊन बोलण्यातून जात नाही. नर्स असलेल्या त्यांच्या मैत्रिणीचा रस्ता बहुधा उलटा असेल.

आपलं आणि अंगावर आलेलं

मग "सेवा" आली कुठून? त्यांच्या आईचं एक पालुपद होतं : आपल्या हातून लोकांचं भलं व्हावं, नाहीतर शिकून काय उपयोग. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९६४ च्या एका लेखात हेच मांडलं होतं. लहानपणी प्रेम मिळत राहावं म्हणून मूल मोठ्यांचे निवाडे आत घेतं आणि पुढे ते आपलेच आहेत असं धरून चालतं. शिक्षणतज्ज्ञ लुई रॅथ्स आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये खऱ्या मूल्याच्या सात कसोट्या सांगितल्या : मोकळेपणाने निवडलेलं, पर्यायांमधून निवडलेलं, परिणामांचा विचार करून निवडलेलं, मनाला प्रिय असलेलं, चारचौघांत कबूल करता येणारं, कृतीत उतरलेलं आणि पुन्हापुन्हा उतरलेलं. शिक्षणात या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. कुठलंही मूल्य सारखंच चांगलं, असा अर्थ त्यातून निघतो, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण स्वतःपुरती चाचपणी करायला त्या सात कसोट्या अजूनही चांगल्या आहेत. नेमकेपणा पाचव्या कसोटीवर अडला. एरवी सगळ्यांत बसत होता, पण चारचौघांत सांगायची त्यांना लाज वाटायची. "अचूकपणा काय सांगायचा, लोक म्हणतील खुसपट काढणारी बाई."

इथे एक सावधगिरी. आईवडिलांकडून आलं म्हणजे आपलं नाही, असा अलीकडे सर्रास समज असतो. तसं असेल तर भाषासुद्धा आपली नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या प्रेरणेविषयीच्या सिद्धांतातला फरक इथे कामी येतो : एखादी गोष्ट अपराधीपणाच्या टोचणीने करणं वेगळं आणि तिचं मोल पटल्यामुळे करणं वेगळं. आईने सांगितलेली गोष्टही पुढे पटू शकते. बाईंच्या बाबतीत तपासणी गटाची आठवण निघाली की अजून टोचणी लागत होती, ओढ लागत नव्हती. वडिलांच्या आजारपणाची आठवण निघाली की दोन्ही नव्हतं, नुसता थकवा आणि "केलं ते बरं झालं". ती काळजी त्यांची स्वतःची होती.

"सुरक्षितता" लवकर निकालात निघाली. सुरक्षित असणं म्हणजे नेमकं काय, असं विचारल्यावर यादी आली : कर्ज नको, कोणाची बोलणी नकोत, वरच्यांशी वाद नको, अचानक काही व्हायला नको. वर्तनशास्त्रज्ञ ऑग्डेन लिंड्स्ली यांची एक कसोटी आहे : जी गोष्ट मेलेला माणूसही करू शकतो, तिला वर्तन म्हणू नये. स्टीव्हन हेज यांच्या स्वीकार आणि बांधिलकी उपचारपद्धतीत ती मूल्यांच्या कामालाही लावतात. कर्ज न काढणं, वाद न घालणं, बोलणी न खाणं हे मेलेला माणूस आपल्यापेक्षा चांगलं करतो. यादी वाचून बाई मोठ्याने हसल्या, आणि कार्ड स्वतःच उचलून बाजूला ठेवलं. सुरक्षितता खोटं मूल्य आहे असं मी म्हणत नाही, श्वार्ट्झ यांच्या दहांत ते आहे. ज्याने खरी असुरक्षितता भोगली आहे त्याच्यासाठी ते पहिलंही असू शकतं. इथे मात्र त्या नावाखाली बहुतेक भीतीच होती.

चिडचिडीची वही

मधल्या दोन आठवड्यांत त्यांनी एक वही ठेवली. कृतज्ञता वगैरे नाही. कोणाचा हेवा वाटला आणि कशावरून चीड आली, एवढंच लिहायचं. हेवा हा आपल्याला काय हवं आहे याचा बऱ्यापैकी भरवशाचा साक्षीदार असतो, कारण तो शोभून दिसावा म्हणून कोणी आणत नाही.

वहीतल्या नोंदी बारीकसारीक होत्या, पण दोन ठळक. एक : त्यांच्याकडेच शिकलेल्या एका कनिष्ठ सहकाऱ्याला प्रशिक्षणात व्याख्यानाला बोलावलं गेलं. तो दिवस त्यांनी कोणाशी धड न बोलता काढला. दुसरी : नात्यातल्या एका कार्यक्रमात कोणीतरी त्यांची ओळख करून दिली, "ही लॅबमध्ये असते." पुढे फक्त लिहिलं होतं : "असते!"

आता मी तिसऱ्या ढिगातलं "मान" हे कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि खालची ओळ त्यांना वाचायला सांगितली. त्या बराच वेळ तयार नव्हत्या. मान हवा म्हणणारी माणसं त्यांना उथळ वाटत. मेमो इतक्या वर्षांनी का पाठ आहे, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कारण मी बरोबर होते आणि कोणी म्हणालं नाही."

माझ्या मते या प्रकरणाची गाठ इथे होती. फायद्या-तोट्यांच्या यादीत पगार होता, प्रवास होता, मुलाची दहावी होती. त्यात मान कुठेच नव्हता, कारण तो हवा असणं त्यांनी स्वतःला मंजूर केलेलं नव्हतं. पण नव्या जागेची ओढ मुख्यतः त्याचीच होती : केबिन, दारावरची पाटी, "ही शाखांची प्रमुख आहे" अशी ओळख. आणि नव्या जागेची भीती मायक्रोस्कोप सुटण्याची होती, जी "ते कामाचं झालं" म्हणून यादीबाहेर राहिली होती. जे दोन खेचाखेची करत होते ते दोन्ही कागदावर नव्हते. अशी यादी समसमान निघाली तर नवल नाही.

श्वार्ट्झ यांच्या वर्तुळात शेजारची मूल्यं एकमेकांना धरून असतात, समोरासमोरची भांडतात. कामात तरबेज असणं आणि त्यासाठी ओळखलं जाणं, ही दोन शेजारी आहेत. त्यांचं भांडण बाईंनी लावलेलं नव्हतं, नोकरीच्या रचनेने लावलेलं होतं : पाटी हवी तर काम सोड, काम हवं तर पाटी विसर. हे लक्षात आल्यावर "हो की नाही" हा प्रश्नच त्यांना अपुरा वाटू लागला.

"कुटुंब" बद्दल थोडं

मानसशास्त्रज्ञ केली विल्सन यांच्या एका प्रश्नावलीत आयुष्याची दहा क्षेत्रं असतात. प्रत्येकाला दोनदा गुण द्यायचे : महत्त्व किती, आणि गेल्या आठवड्यात त्याप्रमाणे वागणं किती. पालकत्वाला बाईंनी महत्त्व १० दिलं, वागणं ४. अशी दरी दिसली की माणूस लगेच स्वतःला ढोंगी ठरवतो. घाई नको. कधी दरी परिस्थितीची असते, कधी ते १० च उसनं असतं. त्यांच्या बाबतीत अडचण वेगळी होती. कुटुंब हे क्षेत्र आहे, त्यात कसं वागायचं ते मूल्य. कशी आई व्हायचंय, असं विचारल्यावर त्यांनी आधी "चांगली" म्हटलं. मग थोड्या वेळाने, "समोर असेन तेव्हा खरंच समोर असणारी." यातून निघालेली गोष्ट साधी होती : संध्याकाळी ठरावीक वेळ लॅबचे फोन बंद. नव्या जागेत तेही जमलं नसतं, पण निर्णय त्यावर ठरला नाही. तसं त्यांनी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, मुलाचं नाव पुढे केलं नाही.

निर्णय आणि नंतर

महिनाअखेर त्यांनी व्यवस्थापकपद नाकारलं आणि सोबत एक लेखी प्रस्ताव दिला : सर्व शाखांच्या मायक्रोबायोलॉजीची तांत्रिक प्रमुख, नव्या तंत्रज्ञांचं प्रशिक्षण, शंकास्पद कल्चरवर अखेरचा शब्द, आणि आठवड्यातले ठरावीक दिवस स्वतः टेबलावर. तो लिहिताना "आपण मागतोय" याची त्यांना भारी शरम वाटली. पदनामाची मागणी शेवटच्या ओळीत होती. ती वर घ्यायला मी सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही.

संस्थेने निम्मं मान्य केलं. प्रशिक्षण आणि शंकास्पद नमुन्यांचा अधिकार मिळाला. पगारवाढ थोडी. पदनाम "विचाराधीन".

सहा महिन्यांनी भेटल्या तेव्हा चित्र मिश्र होतं. शिकवायला आवडेल असं वाटलं होतं, पण शिकणारी मुलं घाई करतात म्हणून त्या वैतागतात. एका शाखेत लेबलांची पद्धत त्यांनी मुळापासून बदलली, हे सांगताना मात्र थांबत नव्हत्या. प्रश्नावलीत पालकत्वाचं वागणं ६ वर आलं होतं. मुलगा म्हणे आता त्यालाच फोन खाली ठेवावा लागतो म्हणून कुरकुरतो.

व्यवस्थापकपद दुसऱ्या कोणाला मिळालं. त्या व्यक्तीच्या पहिल्या भेटीच्या दिवशी बाईंना वाईट वाटलं, दुसऱ्या दिवशी नाही वाटलं, पगाराच्या दिवशी परत वाटतं. नवरा अजून पूर्ण राजी नाही, आणि त्याचं म्हणणं चूक नाही. मुलाच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च समोर आहे. वर्षभराने दोघांनी मिळून आकडे पुन्हा मांडायचे, असं ठरलं आहे. पदनामासाठी त्यांनी दुसरं पत्र दिलं आहे, या वेळी मागणी पहिल्या ओळीत.